यजमानानं बसायचं नसतं

स्लावाच्या दिवशी व्लास्तिमिर खाली बसला. तेही कुठं, तर दारातल्या बूट ठेवायच्या स्टुलावर. ही घटना लिपोवो गावात संध्याकाळी सव्वापाचला घडली आणि साडेपाचला ती न कळलेला माणूस गावात एकच उरला होता, तो म्हणजे चर्चची घंटा वाजवणारा, कारण तो ठार बहिरा आहे.

आता माणूस दमला आणि बसला, यात बोभाटा करण्यासारखं काय, असं परक्या माणसाला वाटेल. पण स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. वडिलांकडून मुलाकडे घर येतं, जमीन येते, दमा येतो, तसा हा संतही येतो. त्या दिवशी आमंत्रण कुणालाच नसतं आणि येतात सगळे. पाहुण्यांनी बसायचं, खायचं, प्यायचं. यजमानानं सकाळी मेणबत्ती लावल्यापासून शेवटचा पाहुणा जाईपर्यंत उभं राहायचं, पेले भरायचे, आग्रह करायचा आणि जाणाऱ्याला फाटकापर्यंत पोचवायचं. जाणारा कूम, म्हणजे मानलेला सोयरा, असेल, तर फाटकावर भागत नाही, रस्त्याच्या वळणापर्यंत जावं लागतं. व्लास्तिमिरचे वडील वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षीसुद्धा दिवसभर ताठ उभे असत. भिंतीवरच्या फोटोतही ते उभेच आहेत, झुबकेदार मिशी घेऊन. तीच मिशी व्लास्तिमिरकडे आली. पाय मात्र आले नाहीत.

यात त्याचाही फारसा दोष नव्हता. तो जमीनमोजणी कचेरीत खिडकी नंबर चारवर सत्तावीस वर्षं बसून होता. त्याच्या नोकरीचं स्वरूपच बसण्याचं. तिथं उभी राहायची ती माणसं.

तर त्या संध्याकाळी त्याच्या कमरेतून अशी कळ आली, की तो अंधाऱ्या दारात सटकला आणि स्टुलावर टेकला. तेवढ्यात मिलुतिन बाहेर आला. मिलुतिन हा त्याचा कूम, म्हणजे लग्नातला साक्षीदार आणि पुढं मुलीचा धर्मपिता. त्या मुलखात कूम हा भावापेक्षा जवळचा, कारण भाऊ आपण निवडत नाही. कुमाचा शब्द मोडता येत नाही, कुमाचा पेला परतवता येत नाही. ‘कूम म्हणजे काही सदऱ्याचं बटण नव्हे,’ असं म्हणतात ते उगाच नाही. मिलुतिन तर एकशेदहा किलोचा होता. त्याला बटण म्हणायची कुणाची छाती नव्हती.

“कोण बसलंय रे तिथं?”

“बसलो नाहीये. बुटाची नाडी बांधतोय.”

“तुझ्या पायात सपाता आहेत.”

व्लास्तिमिरनं पायाकडे पाहिलं. होत्या खऱ्या.

“अरेरे,” मिलुतिन आत वळून पंचवीस पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “यजमान बसला रे बाबा! याचे वडील...”

“माझ्या वडिलांचं नाव काढू नकोस.”

“मी कुठं काढतोय? तेच बघतायत वरून.”

सगळ्यांनी फोटोकडे पाहिलं. व्लास्तिमिरच्या पोटात तोवर आलुबुखारच्या दारूचे, म्हणजे राकियाचे, तीन पेले होते आणि जिभेला हाड नसतं. कचेरीत त्याच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर गावच्या धावण्याच्या शर्यतीचं एक जुनं पोस्टर होतं. दुसरं काही वाचायला नसल्यानं तो सत्तावीस वर्षं तेच वाचत होता. ते आता तोंडातून बाहेर पडलं.

“पुढच्या स्लावाच्या आत मी एकवीस किलोमीटर धावून दाखवीन! नाही धावलो, तर याच मेणबत्तीसमोर मिशी उतरवीन!”

स्लावाच्या मेणबत्तीसमोर उच्चारलेला शब्द मागं घेता येत नाही. मिलुतिनही जरा गडबडला, पण पंचवीस माणसांसमोर माघार कोण घेणार? “आणि तू धावलास,” तो म्हणाला, “तर पुढच्या वर्षी तुझ्या घरी मी थेंबाला शिवणार नाही. आजारी माणसं पितात तो फुलांचा काढा पिईन. दिवसभर.”

इतक्यात व्लास्तिमिरची बायको ल्युबिन्का कोबीच्या पानात वळलेल्या खिम्याचं, म्हणजे सर्माचं, पातेलं घेऊन आली. “कोण धावणार?” तिनं विचारलं. “कुणापासून?”

*

हिवाळा विचार करण्यात गेला. ल्युबिन्काचं म्हणणं, कुमाचे पाय धर, पोटभर जेवू घाल, मिटवून टाक. व्लास्तिमिरनं रोज सकाळी आरशात मिशी पाहिली आणि रोज सकाळी वाटलं, मिटवून टाकावं. मग मार्चमध्ये एके पहाटे तो उठला, जुनी ढगळ पँट चढवली आणि फाटकाबाहेर पडून धावायला लागला.

त्या गल्लीत आजवर माणूस फक्त दोन कारणांनी धावलेला होता, बस चुकल्यावर आणि घर पेटल्यावर. बसची वेळ झालेली नव्हती. त्यामुळं तिसऱ्या घरातून एकजण बादली घेऊन त्याच्या मागं धावत निघाला, पाचव्या घरातून दोघं शिडी घेऊन आले आणि कोपऱ्यावरच्या दारिन्का काकूंनी खिडकीतूनच गळा काढला, “कोण गेलं रे? कोण गेलं?”

“कुणी... नाही... गेलं,” व्लास्तिमिर म्हणाला आणि पुलाच्या कठड्याला धरून उभा राहिला. चारशे मीटर झाले होते. ते त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण तो रस्ता नकाशावर त्यानंच मोजला होता. आता पायांनी मोजल्यावर मात्र हा आकडा कुणीतरी फार कमी लावलाय अशी त्याची खात्री झाली.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. दारिन्का काकूंचा सल्ला लोकरीचा होता. घामेजलेल्या अंगाला वाऱ्याची झुळूक लागली की माणूस खलास, यावर सगळ्या देशाचं एकमत आहे. राजकारणात भांडणारे दोन पक्षसुद्धा बसची खिडकी बंद ठेवण्याच्या बाबतीत एक होतात. काकू फाटकाशी शाल घेऊन उभ्या राहायच्या आणि तो जवळ आला की मासे पकडावेत तशी त्याच्यावर टाकायच्या. “माझा चुलत दीर असाच गेला! घाम आला, दार उघडं राहिलं, तीन दिवसांत आटोपला!”

“काकू, तो ब्याण्णव वर्षांचा होता.”

“दार बंद असतं तर अजून जगला असता!”

दुसरे गुरू बोगोल्युब मास्तर. हे शाळेतले निवृत्त कसरतीचे शिक्षक. त्यांनी व्लास्तिमिरला शाळेतही नापास केलं होतं आणि तेवढ्या आधारावर ते त्याला आपला जुना विद्यार्थी मानत. त्यांच्याकडे एक शिट्टी होती आणि निवृत्तीपासून ती फुंकायला कारण मिळालेलं नव्हतं. ते सायकलवरून मागं येत आणि शिट्टी वाजवत. एकदा वाजली तर गुडघा वर, दोनदा तर हनुवटी वर, तीनदा तर पोट आत. व्लास्तिमिर गोंधळून पोट वर आणि हनुवटी आत घेई. मग मास्तर पुन्हा वाजवत आणि गल्लीतली कुत्री साथ देत.

“मास्तर, मला श्वास घेता येत नाहीये.”

“श्वास घ्यायचा नसतो, सोडायचा असतो! घेतला जातो आपोआप!”

हे खरं की खोटं ते त्याला आजही माहीत नाही, पण एप्रिलच्या अखेरीस तो दोन किलोमीटर धावला. त्या रात्री त्यानं ल्युबिन्काला उठवून सांगितलं. ती म्हणाली, “छान. आता माझ्या अंगावरचा पाय काढ.” पाय काढणं त्याला जमलं नाही. तिनंच दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला.

*

जुलैत शर्यतीची नावनोंदणी सुरू झाली आणि कळलं, की सरकारी दवाखान्याचा दाखला लागतो. व्लास्तिमिर निर्धास्तपणे गेला. खिडकीत चष्मा लावलेल्या एक बाई होत्या.

“काय होतंय?”

“काही नाही.”

“मग आलात कशाला?”

“काही होत नाहीये, असं लिहून हवंय.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “आजारी असल्याचा फॉर्म आहे. अर्धवट आजारी असल्याचा आहे. मेल्याचा तर तीन प्रतींत आहे. धडधाकट असल्याचा नाही.” मग चष्म्यावरून त्याच्याकडे निरखून पाहत त्या म्हणाल्या, “तुम्ही मोजणी कचेरीतले ना? खिडकी नंबर चार?”

“हो, हो!” ओळख निघाली म्हणून तो खुलला.

“माझ्या आईच्या कोठाराच्या उताऱ्यासाठी मी पाच वेळा आले होते. चौथ्या वेळी तुम्ही म्हणालात, शिक्का अर्धवट उमटलाय.”

व्लास्तिमिरला आठवलं. शिक्का खरोखरच अर्धवट उमटला होता. “मी नियमानं...”

“मीही नियमानंच चालते,” बाई म्हणाल्या. “ओळखपत्राची प्रत आणा.”

प्रत आणली, तर ती दोन्ही बाजूंची हवी होती. दोन्ही बाजूंची आणली, तर फोटोतली मिशी आणि समोरची मिशी यांच्या लांबीत फरक निघाला. तिसऱ्यांदा डॉक्टर रजेवर होते, चौथ्यांदा शिक्क्याची शाई. रांगेत बाईंच्या खिडकीकडे तोंड करून उभं असताना सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या डोक्यात आलं, की खिडकीच्या या बाजूला कंबर फार दुखते. पाचव्या खेपेला दाखला मिळाला. ‘अर्जदारास धावू न देण्याइतका कोणताही आजार आढळला नाही.’ शिक्का पूर्ण होता.

त्याच आठवड्यात व्लास्तिमिरनं स्वतःच्या खिडकीसमोर, लोकांसाठी, एक खुर्ची आणून ठेवली. साहेबांनी विचारलं, ही कुणाच्या परवानगीनं? तो म्हणाला, कमरेच्या.

ऑगस्टमध्ये मात्र एक नवल घडलं. मक्याच्या शेतांमधल्या रस्त्यानं तो पहाटे धावत होता. मास्तरांची सायकल पंक्चर होती, काकू मुलीकडे गेल्या होत्या, शिट्टी नाही, शाल नाही. धावता धावता तो आपण धावतोय हेच विसरला. शुद्धीवर आला तेव्हा पुढच्या गावाची पाटी समोर होती. अकरा किलोमीटर. व्लास्तिमिरला रडू आलं. शाळेत नापास झालेला, ऑफिसात ‘खिडकी चार’ म्हणून ओळखला जाणारा माणूस, मक्याच्या शेतात उभा राहून आनंदानं रडला आणि शेतकऱ्यानं त्याला चोर समजून हाकललं, तरी त्याचा आनंद कमी झाला नाही. परत मात्र तो बसनं आला.

हा आनंद सप्टेंबरनं धुऊन काढला. सप्टेंबरात लिपोवोच्या प्रत्येक अंगणात लाल ढोबळी मिरची भाजायला घेतात, तिची चटणी हिवाळाभर पुरवायची असते. चटणी आटोपते तोवर दारू गाळायच्या भट्ट्या पेटतात. अशा दिवसांत कुणाच्या फाटकावरून न थांबता जाणं म्हणजे त्या घराशी वैर धरणं.

“व्लास्तो! एवढी चव बघून जा!”

“धावतोय हो मी!”

“मग बसून बघ!”

दहा किलोमीटरला निघालेला माणूस दोन तासांनी परत यायचा, तेव्हा तीन किलोमीटर झालेले असायचे, दोन्ही काखांत चटणीची एकेक बरणी असायची आणि तोंडाला राकियाचा वास. वजन चार किलोनं वाढलं. त्यानं वाट बदलून स्मशानाकडचा रस्ता धरला, तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी ल्युबिन्काकडे सांत्वनाला आलं. गुडघा सुजला. शर्यत दोन ऑक्टोबरला होती आणि व्लास्तिमिर पंचवीस सप्टेंबरला न्हाव्याकडे जाऊन, सहज म्हणून, मिशी काढायचे किती घेतो हे विचारून आला.

“तुझी काढायची मला हिंमत नाही,” न्हावी म्हणाला. “तुझ्या वडिलांचा फोटो माझ्याही दुकानात आहे.”

तेव्हा नशीब फळफळलं. म्हणजे नदीवरच्या पुलाला तडा गेला आणि दुरुस्तीसाठी शर्यत चार आठवडे पुढं गेली. व्लास्तिमिरनं घरी येऊन आनंदानं नवी तारीख सांगितली. तीस ऑक्टोबर.

ल्युबिन्कानं विचारलं, “एकतीसला काय असतं?”

एकतीसला त्याचा स्लावा असतो. चोपन्न वर्षं असतो.

“म्हणजे मी इथं एकटी दोनशे सर्मा वळत बसायचं,” ती म्हणाली, “आणि तू गावभर पळायचं. दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरणार, आणि यजमान पुन्हा बुटांच्या स्टुलावर. ही पैज कशावरून लागली होती, तुला आठवतंय का?”

त्याला आठवलं. धावलो नाही तर मिशी जाते, धावलो तर पाय जातात. वर दाखल्याची मुदतही संपली होती. तो मान खाली घालून दवाखान्यात गेला, पुन्हा पाच खेपांच्या तयारीनं. बाईंनी दाखला घेतला, नवी तारीख घातली आणि शिक्का मारला.

“झालं?” त्याला खरं वाटेना.

“आई परवा तुमच्या कचेरीत आली होती,” त्या म्हणाल्या. “खुर्चीवर बसली. आता धावा. ती बघायला येणार आहे.”

*

शर्यतीला एकशेचाळीस लोक होते. पहिल्या दहा मिनिटांत व्लास्तिमिर शेवटचा झाला आणि ती जागा त्यानं शेवटपर्यंत कुणालाही घेऊ दिली नाही. तीन तासांनंतर रस्ता वाहनांना खुला व्हायचा होता, म्हणून त्याच्या मागं एक ट्रॅक्टर रस्त्यावरचे अडथळे उचलत हळूहळू येत होता. ट्रॅक्टरवाला भला माणूस होता. “सावकाश होऊ द्या,” तो म्हणायचा, “डिझेल पंचायतीचं आहे.”

बाराव्या किलोमीटरला पाय गेले. चौदाव्याला परत आले, पण कुणाचे तरी दुसऱ्याचे. सोळाव्याला व्लास्तिमिरनं वडिलांना मनातल्या मनात शिव्या दिल्या, सतराव्याला माफी मागितली. अठराव्याला बोगोल्युब मास्तर सायकलवर दिसले. शिट्टी तोंडात होती, पण ती त्यांनी वाजवली नाही. एकोणिसाव्याला दारिन्का काकूंनी शाल टाकली. ती काढायला हात वर होईनात, म्हणून तो शालीसकट पुढं गेला.

वीस किलोमीटर. तिथून सरळ रस्ता चौकापर्यंत, तिथंच शेवट. हातात अकरा मिनिटं होती. आणि तिथंच, आपल्या फाटकासमोर रस्त्याच्या कडेला, मिलुतिननं टेबल मांडलं होतं. पांढरा टेबलक्लॉथ, बाटली, दोन पेले, दोन खुर्च्या. पायात सपाता.

“ये कूम!” तो हात पसरून म्हणाला. “माझ्या दारावरून जातोयस. बस, एक पेला घे.”

व्लास्तिमिर थांबला. कुमाचा पेला परतवता येत नाही. पेला घेतला की बसायचं, बसलं की घरच्यांची खुशाली, मग गुरांची, मग दुसरा पेला, कारण एक पेला म्हणजे एक पाय आणि माणूस एका पायावर घरी जात नाही. वीस मिनिटांच्या आत यातून उठलेला माणूस त्या गल्लीत जन्मला नव्हता. मिलुतिनला ते माहीत होतं. कूम म्हणजे काही सदऱ्याचं बटण नव्हे.

व्लास्तिमिरनं उभ्यानंच पेला उचलला, एका घोटात रिकामा केला आणि टेबलावर ठेवला.

“तुझ्या घराला सुख लाभो, कूम. बायको बरी? गुरं बरी? छान. मी निघतो. चल, पोचव मला.”

“आं?”

“कुमाला वळणापर्यंत पोचवायचं असतं.”

मिलुतिननं रस्त्याकडे पाहिलं. त्या रस्त्याची मोजणी व्लास्तिमिरनंच केली होती. हजार मीटर, चौकापर्यंत एकही वळण नाही.

“व्लास्तो, माझ्या पायात सपाता आहेत!”

“माझ्या पायात काय आहे ते मला कळतसुद्धा नाहीये. चल!”

आणि लिपोवोनं ते पाहिलं. शाल पांघरलेला व्लास्तिमिर, त्याच्या शेजारी बाटली हातात घेतलेला एकशेदहा किलोंचा मिलुतिन, त्यांच्या मागं मास्तर, मागं ट्रॅक्टर. “हलकट आहेस तू!” “बोलू नकोस, श्वास सोड, घेतला जातो आपोआप!” “मी मरतोय!” “मेल्याचा फॉर्म तीन प्रतींत आहे, चल!” चौकात एका म्हाताऱ्या बाईनं खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. घड्याळ दोन तास अठ्ठावन्न मिनिटं दाखवत होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी व्लास्तिमिरनं मेणबत्ती लावली आणि उभा राहिला. दहा वाजता पाहुणे येऊ लागले. दुपार झाली, संध्याकाळ झाली. तो पेले भरत होता, ताटं पुढं करत होता आणि क्षणभरही टेकत नव्हता. कुणी खुर्ची पुढं केली तर नुसती मान हलवायचा. मिलुतिन काढ्याचा कप घेऊन शेगडीपाशी उभा होता. त्याला “बस ना” म्हटलं तर तोही म्हणायचा, “नको, यजमान उभा आहे.” म्हाताऱ्यांचे डोळे पाणावले. “याला म्हणतात कूम,” दारिन्का काकू म्हणाल्या, “आणि याला म्हणतात बापाचा मुलगा!”

सातच्या सुमाराला शेवटचे पाहुणे गेले. “पोचवायला नको” म्हणत मिलुतिनही गेला, दाराच्या तीन पायऱ्या कठड्याला धरून उलटा उतरत. ल्युबिन्कानं दार लावलं आणि नवऱ्याकडे वळली.

“गुडघे अजिबात वाकत नाहीयेत ना?”

“अजिबात,” व्लास्तिमिर म्हणाला. “बसलो असतो तर उठवायला ट्रॅक्टर लागला असता. पण कुणाला सांगू नकोस.” मग फोटोकडे बघून तो हळूच म्हणाला, “बाबा कसे उभे राहायचे गं, एकोणऐंशी वर्षांचे असताना?”

“असेच,” ती ताटं उचलत म्हणाली. “त्यांची कंबर धरलेली असायची. एकदा बसले की दोघांनी उठवावं लागायचं, म्हणून दिवसभर उभे. सासूबाईंनी मला लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं.”

व्लास्तिमिरचा हात मिशीवरच राहिला.

“तुला माहीत होतं? अगं, मग हे गेल्या वर्षी सांगायचं नाहीस का? वर्षभर धावलो ना मी!”

“सांगितलं असतं,” ल्युबिन्का म्हणाली, “तर बसला असतास.”